न दिसणारा दोष शोधताना : कार्यालयातील संगणक आणि इतर उपकरणांची विद्युत सुरक्षा चाचणी

फेजची किंवा न्यूट्रलची तार तुटली, तर उपकरण तत्काळ बंद पडते आणि काही मिनिटांतच कोणीतरी तक्रार घेऊन येते. अर्थची, म्हणजे जमिनीशी जोडणारी तार तुटली, तर मात्र काहीच घडत नाही. संगणक चालू होतो, प्रिंटर छापत राहतो आणि ती तार जागेवर नाही ही गोष्ट वर्षानुवर्षे कोणाच्या लक्षात येत नाही. तिचे काम रोजचे नसते. आतले इन्सुलेशन निकामी होऊन फेज उपकरणाच्या धातूच्या बॉडीला लागेल, त्या एका क्षणासाठी ती बसवलेली असते. त्या क्षणी ती शाबूत असेल, तर मोठा प्रवाह जमिनीकडे वाहून फ्यूज किंवा एमसीबी (प्रवाह प्रमाणाबाहेर गेल्यास आपोआप बंद होणारा स्विच) उडते. ती तुटलेली असेल, तर बॉडीवर पूर्ण दाब (व्होल्टेज) येऊन थांबतो आणि पहिला हात लावणाऱ्या माणसाची वाट पाहतो. प्लग लावून वापरल्या जाणाऱ्या उपकरणांची ठरावीक काळाने चाचणी करायची, ती मुख्यतः असे मुके दोष शोधण्यासाठी.

पुढील मार्गदर्शन वीजविषयक प्राथमिक प्रशिक्षण घेतलेल्या आणि चाचणीचे उपकरण हाताळू शकणाऱ्या व्यक्तीसाठी लिहिले आहे. डोळ्यांनी करायची तपासणी थोड्या सरावाने कोणताही जबाबदार कर्मचारी करू शकतो. मीटर लावून करायच्या चाचण्या मात्र ज्याला आकड्यांचा अर्थ कळतो त्यानेच कराव्यात. येथे दिलेल्या मर्यादा अशा चाचणीत सर्रास वापरल्या जाणाऱ्या आहेत. उत्पादकाने किंवा आपल्या ठिकाणच्या नियमांनी वेगळे काही सांगितले असेल, तर ते प्रमाण मानावे.

आधी वर्ग ठरवा

कोणती चाचणी करायची हे उपकरण कोणत्या वर्गातले आहे यावर अवलंबून असते, आणि वर्ग ओळखण्यात चूक झाली की पुढचे सर्व आकडे निरर्थक ठरतात. आयईसी ६११४० या आंतरराष्ट्रीय मानकात विजेच्या धक्क्यापासून संरक्षण कसे मिळते यावरून उपकरणांचे वर्ग केलेले आहेत. पहिल्या वर्गाच्या उपकरणात मूलभूत इन्सुलेशनच्या जोडीला धातूची बॉडी अर्थला जोडलेली असते. टेबलावरचा संगणक, लेझर प्रिंटर, झेरॉक्स मशीन आणि बहुतेक सर्व्हर या वर्गात मोडतात. दुसऱ्या वर्गाच्या उपकरणात अर्थवर भरवसा न ठेवता दुहेरी किंवा प्रबलित इन्सुलेशन दिलेले असते आणि त्याच्या माहितीच्या पाटीवर एकात एक असे दोन चौकोन छापलेले असतात. तिसऱ्या वर्गाचे उपकरण मुळातच सुरक्षित अशा अतिकमी दाबावर चालते.

लॅपटॉप हे याचे चांगले उदाहरण आहे. लॅपटॉप स्वतः तिसऱ्या वर्गात येतो, कारण त्याला साधारण १९ ते २० व्होल्ट डीसी मिळतात. चाचणी करायची असते ती त्याच्या अडॅप्टरची आणि कॉर्डची. येथे एक गोंधळ नेहमी होतो. अडॅप्टरला तीन पिनांची कॉर्ड दिसली की तो पहिल्या वर्गाचा आहे असे गृहीत धरले जाते. काही अडॅप्टरमध्ये तिसरी पिन संरक्षणासाठी नसून केवळ विद्युतचुंबकीय गोंगाट कमी करण्यासाठी दिलेली असते. अशा अडॅप्टरवर दोन चौकोनांची खूण असते, स्पर्श करता येईल असा अर्थ केलेला धातू त्याला नसतो, आणि त्यावर अर्थची चाचणी करायला गेल्यास मीटर कधी अपूर्ण मार्ग दाखवतो, तर कधी भलताच मोठा रोध (रेझिस्टन्स). हा दोष नव्हे. पाटी वाचल्याशिवाय मीटर हातात घेऊ नये, हे मी म्हणूनच आग्रहाने सांगतो.

पाटीच पुसली गेली असेल आणि वर्ग ठरवता येत नसेल, तर धातूची बॉडी असलेले उपकरण पहिल्या वर्गाचे समजून तपासावे. त्या कसोटीला ते उतरले नाही, तर उत्पादकाची माहिती मिळेपर्यंत ते वापरात ठेवू नये.

बंद करण्यापूर्वी आणि बंद केल्यावर

संगणक तपासायचा म्हणजे कोणाचे तरी काम थांबवायचे असते. वापरणाऱ्याला आधी कळवावे, काम जतन करून संगणक रीतसर बंद करू द्यावा आणि त्याच वेळी दोन प्रश्न विचारावेत: याला हात लावल्यावर कधी झिणझिण्या येतात का, आणि याचा प्लग किंवा कॉर्ड कधी गरम लागते का? या दोन प्रश्नांच्या उत्तरांतून जे कळते, ते कधी कधी तासभराच्या मोजमापातूनही कळत नाही.

झिणझिण्यांचे कारण समजून घेण्यासारखे आहे. संगणकाच्या एसएमपीएसमध्ये, म्हणजे त्याला वीज पुरवणाऱ्या आतल्या भागात, वीज आत शिरते तिथे एक फिल्टर असतो आणि त्यात फेजपासून अर्थपर्यंत व न्यूट्रलपासून अर्थपर्यंत असे दोन छोटे कपॅसिटर जोडलेले असतात. अर्थ शाबूत असेल, तर त्यांतून वाहणारा किंचित प्रवाह निमूटपणे जमिनीत जातो. अर्थ तुटला, की हे दोन समान कपॅसिटर दाबाची निम्मी-निम्मी वाटणी करतात आणि २३० व्होल्टच्या पुरवठ्यावर चालणाऱ्या संगणकाच्या कॅबिनेटवर सुमारे ११५ व्होल्ट येऊन बसतात. प्रवाह फार थोडा असल्याने माणसाला फक्त मुंग्या आल्यासारखे वाटते आणि तो दुर्लक्ष करतो. पहिल्या वर्गाच्या उपकरणाची ही तक्रार म्हणजे अर्थ तुटल्याची जवळजवळ खात्रीची खूण समजावी आणि उपकरण तिथल्या तिथे बाजूला काढावे. दोन पिनांच्या अडॅप्टरवर चार्ज होणाऱ्या लॅपटॉपच्या धातूच्या झाकणावर येणारी हलकी झिणझिण वेगळी असते. ती अडॅप्टरमधल्या अशाच एका कपॅसिटरमुळे येते आणि मर्यादेत असेल तर दोष ठरत नाही. मात्र ती मर्यादेत आहे की नाही हे मोजूनच ठरवावे. बोट लावून अंदाज घेण्याची सवय अनेकांना असते, ती सोडावी.

संगणक बंद झाल्यावर कॉर्ड सॉकेटमधून काढावी आणि मॉनिटर, प्रिंटर, नेटवर्क, यूएसबी अशा सर्व केबली सोडवाव्यात. यामागे दोन कारणे आहेत. केबलीचे जाळीदार आवरण एका उपकरणाचा अर्थ दुसऱ्याशी जोडते, त्यामुळे तपासत असलेल्या संगणकाचा अर्थ तुटलेला असला, तरी मॉनिटरच्या अर्थमार्गे मीटरला वाट सापडते आणि चाचणी खोटी पास होते. शिवाय चाचणीचा प्रवाह त्या नाजूक केबलीतून वाहिला, तर पोर्ट जळू शकते. केबली सोडवण्यापूर्वी मोबाइलवर एक छायाचित्र घेतले, तर परत जोडताना घोळ होत नाही.

ज्या सॉकेटवर चाचणीचे उपकरण लावायचे, तो सॉकेट स्वतः ठीक आहे की नाही हेही आधी पाहावे. तीन दिव्यांचा छोटा सॉकेट टेस्टर फेज आणि न्यूट्रलची अदलाबदल किंवा अर्थ नसणे दाखवतो. न्यूट्रल आणि अर्थ यांची अदलाबदल झाली असेल, तर ती त्याला कळत नाही. संशय असल्यास वीजतंत्रज्ञाकडून सॉकेटची स्वतंत्र तपासणी करून घ्यावी.

डोळे आणि हात

घाईत असलेला माणूस सर्वांत आधी जी पायरी गाळतो, ती ही. वास्तविक वापरातल्या उपकरणांचे बहुतेक दोष पाहून आणि चाचपूनच सापडतात, आणि मीटर ज्यांच्याबद्दल काहीही सांगू शकत नाही असे अनेक दोष इथेच पकडावे लागतात. चिकटपट्टी गुंडाळलेला जोड सर्व चाचण्या आरामात पास होतो.

प्लगपासून सुरुवात करावी. पिना काळवंडल्या आहेत का, प्लास्टिक तपकिरी पडले किंवा वितळले आहे का, पिन हलते का हे पाहावे. असा रंग म्हणजे तिथे सैल संपर्कामुळे उष्णता निर्माण होत आहे, आणि तेव्हा दोष प्लगइतकाच सॉकेटचाही असू शकतो. नुसता प्लग बदलून भागत नाही. उघडता येणारा प्लग असेल, तर उघडून पाहावा: तारा योग्य टोकांना घट्ट कसलेल्या असाव्यात, उघडे तांबे दिसू नये, आणि कॉर्डचे बाहेरचे आवरण पकडपट्टीखाली दाबलेले असावे. पकडपट्टीने आतल्या रंगीत तारा पकडल्या असतील, तर ओढ बसल्यावर सगळा ताण स्क्रूंवर येतो. अर्थची तार प्लगमध्ये इतर दोघींपेक्षा थोडी लांब ठेवावी, म्हणजे कॉर्ड खेचली गेलीच तर ती सर्वांत शेवटी सुटते. प्लगमध्ये फ्यूज असेल, तर तो उपकरणाला साजेसा आहे का आणि त्याच्या जागी तार गुंडाळलेली नाही ना, हे बघावे.

नंतर कॉर्ड पूर्ण लांबीभर बोटांमधून सरकवत न्यावी. खुर्चीच्या चाकाखाली चिरडलेला भाग, टेबलाच्या पायाखाली दबलेला भाग, गालिच्याखालून नेलेला भाग आणि उपकरणात शिरते तिथली वाक ही तिच्या दुखण्याची ठिकाणे. बोटाला खाच, मऊपणा किंवा फुगवटा जाणवला, तर आवरण अखंड दिसत असले तरी आतल्या तारा तुटल्या असण्याची शक्यता असते.

संगणकाला आणि मॉनिटरला लागणारी सुटी कॉर्ड हे स्वतंत्र उपकरण समजून तपासावे, तिला स्वतःचा क्रमांक द्यावा. कॉर्डी या टेबलावरून त्या टेबलावर फिरत असतात; संगणकासोबत पास झालेली कॉर्ड पुढच्या महिन्यात त्याच संगणकाला असेलच असे नाही. टेबलावरच्या संगणकाला लागणारे सी१३ हे टोक १० अँपिअरपर्यंतच्या प्रवाहासाठी आणि कमाल ७० अंश सेल्सिअस तापमानासाठी असते, तर लॅपटॉपच्या अडॅप्टरला लागणारे तीन पाकळ्यांचे सी५ आणि इंग्रजी आठच्या आकाराचे सी७ ही टोके २.५ अँपिअरची असतात. बनावट कॉर्डींपासून विशेष सावध राहावे. काहींच्या टोकाला तीन छिद्रे असतात, प्लगला तीन पिना असतात आणि आत तारा दोनच असतात.

उपकरणाच्या बॉडीवर भेगा, गळालेले स्क्रू, सैल झालेला इनलेट, हवा खेळण्यासाठीच्या, धुळीने बुजलेल्या झडपा, आत सांडलेल्या द्रवाच्या खुणा पाहाव्यात. कागद कापणाऱ्या यंत्रात स्टेपलच्या पिना अडकलेल्या असतात, त्या काढाव्यात. लॅपटॉपची किंवा यूपीएसची बॅटरी फुगून झाकण वर आले असेल, तर पुढची कोणतीही चाचणी न करता उपकरण वापरातून काढावे. उपकरण कुठे ठेवले आहे हेही बघण्याचाच भाग आहे: एसीचे पाणी ठिबकते त्या खालचा प्रिंटर आज पास होईल, पण तो तिथे राहू देणे चूक आहे.

अर्थ कंटिन्युइटी

पहिल्या वर्गाच्या उपकरणावर मीटरने करायची पहिली चाचणी ही. प्लगच्या अर्थ पिनेपासून उपकरणाच्या उघड्या धातूपर्यंतचा रोध मोजायचा. चाचणीच्या उपकरणात दोन पर्याय असतात: १० ते २५ अँपिअरचा मोठा प्रवाह किंवा १०० ते २०० मिलिअँपिअरचा लहान प्रवाह. मोठ्या प्रवाहाचा फायदा असा की, एखाद-दुसऱ्या तंतूवर तग धरून असलेली तार त्याला टिकत नाही आणि दोष उघड होतो. संगणकाच्या बाबतीत मात्र लहान प्रवाहच वापरावा. प्रोब (मीटरच्या वायरचे टोक) चुकून एखाद्या पोर्टच्या धातूच्या कडेला लागला, तर तिथून अर्थपर्यंतचा मार्ग सर्किट बोर्डावरच्या बारीक पट्टीतून जात असतो आणि २५ अँपिअरने ती पट्टी जळून जाते. माझे मत विचाराल, तर कार्यालयातल्या सर्व इलेक्ट्रॉनिक उपकरणांना लहान प्रवाह आणि पंखे, हीटर, किटली अशा साध्या उपकरणांना मोठा प्रवाह, हा नियम कटाक्षाने पाळावा.

प्रोब लावायची जागा निवडणे हीच या चाचणीतली कसब आहे. संगणकाच्या मागच्या बाजूला एसएमपीएस कॅबिनेटला कसणारा स्क्रू सर्वांत योग्य. रंगावर किंवा अ‍ॅनोडाइझ केलेल्या पृष्ठभागावर प्रोब टेकवल्यास रोध जास्त येतो आणि चांगले उपकरण नापास ठरते. शोभेसाठी लावलेली धातूची पट्टी अर्थला जोडलेली असतेच असे नाही, आणि जी आतून इन्सुलेशनने पूर्ण वेगळी आहे तिला ती जोडण्याची गरजही नसते. लहान प्रवाहाने मोजताना धातूवरच्या सूक्ष्म थरामुळे आकडा हलतो. प्रोब दाबून थोडा घासल्यावर तो स्थिर होतो. मोजण्यापूर्वी प्रोबच्या वायरचा स्वतःचा रोध शून्य करून घ्यावा.

मर्यादा ०.१ ओहम अधिक कॉर्डमधल्या अर्थच्या तारेचा रोध, अशी धरली जाते. ०.७५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या लवचिक तारेचा रोध दर मीटरला सुमारे ०.०२६ ओहम आणि १.५ चौरस मिलिमीटरच्या तारेचा ०.०१३ ओहम असतो. म्हणजे १.८ मीटरच्या ०.७५ च्या कॉर्डचा हिस्सा साधारण ०.०४७ ओहम होतो आणि अशा कॉर्डसह तपासलेल्या संगणकाला ०.१५ ओहमच्या आत राहायला हवे. हा हिशेब केवळ मर्यादा ठरवण्यासाठी उपयोगी पडतो असे नाही. १.८ मीटरची कॉर्ड एकटी तपासली आणि ०.०४७ ऐवजी ०.२ ओहम आले, तर आत तांबे कमी आहे किंवा जोड खराब आहे हे लगेच कळते.

आकडा वाचत असताना दुसऱ्या हाताने कॉर्ड दोन्ही टोकांपाशी वाकवत राहावी. आकडा उड्या मारू लागला, तर आत तंतू तुटत आहेत, आणि आकड्याची सर्वांत कमी किंमत मर्यादेत असली तरी ती कॉर्ड नापास करावी.

साधा मल्टिमीटर या कामाला चालतो का, असे नेहमी विचारले जाते. तो अगदीच थोडा प्रवाह सोडतो. दहा-पंधरा तंतूंपैकी एकच तंतू उरलेली तारही त्याला ठीक वाटते आणि ०.१ ओहमच्या आसपास त्याचा आकडा विश्वासार्ह नसतो. अर्थ अजिबात नाही एवढे तो सांगू शकतो. अर्थ चांगला आहे, हे तो सांगू शकत नाही.

इन्सुलेशनचा रोध

यात फेज व न्यूट्रल एकत्र जोडून त्यांच्यात आणि अर्थमध्ये ५०० व्होल्ट डीसी लावले जातात. पहिल्या वर्गासाठी किमान १ मेगाओहम आणि दुसऱ्या वर्गासाठी किमान २ मेगाओहम अपेक्षित असतात. दुसऱ्या वर्गात अर्थ नसल्याने प्रोब उघड्या धातूला, म्हणजे अडॅप्टरच्या बाबतीत डीसी टोकाच्या धातूला लावावा. लॅपटॉप त्या वेळी जोडलेला नसावा. चांगल्या स्थितीतले उपकरण मर्यादेच्या पुष्कळ वर, दहा-वीस मेगाओहमच्याही पुढे आकडा देते, म्हणून जेमतेम १.१ मेगाओहमवर पास झालेल्या उपकरणाकडे मी पास म्हणून पाहत नाही. ओल, काजळी किंवा कार्बनची धूळ आत साचल्याचे ते लक्षण असते.

येथे सर्वांत जास्त होणारी चूक म्हणजे उपकरणाचे बटण बंद ठेवून मोजणे. बटण बंद असले, की दाब कॉर्ड आणि बटणापर्यंतच पोहोचतो, आकडा उत्तम येतो आणि उपकरण तपासलेच जात नाही. संगणकाच्या मागचे एसएमपीएसचे बटण चालू स्थितीत ठेवावे. ज्या प्रिंटरचा हीटर रिले किंवा इलेक्ट्रॉनिक स्विचच्या पलीकडे असतो, त्याच्या त्या भागापर्यंत ही चाचणी पोहोचत नाही. त्यासाठी पुढची गळतीची, म्हणजे अर्थकडे झिरपणाऱ्या प्रवाहाची चाचणी अनिवार्य ठरते.

दुसरी अडचण स्पाइक गार्ड असलेल्या एक्स्टेंशन बोर्डाची. त्यात दाबाचे उसळे शोषून घेणारे व्हॅरिस्टर असतात. २७५ व्होल्ट एसीसाठीचा व्हॅरिस्टर साधारण ४३० व्होल्ट डीसीपासून वाहू लागतो, त्यामुळे तो फेज आणि अर्थ यांच्यामध्ये जोडलेला असेल, तर ५०० व्होल्टवर तो आपले नेमून दिलेले काम करतो आणि मीटर त्याला इन्सुलेशनचा दोष समजतो. अशा वेळी २५० व्होल्टवर मोजावे. तरीही शंका राहिली, तर गळती मोजून निर्णय घ्यावा. चांगला बोर्ड टाकून देणे आणि खराब बोर्ड 'व्हॅरिस्टर असेल' म्हणून सोडून देणे या दोन्ही चुका होताना दिसतात, आणि दुसरी जास्त घातक आहे.

कार्यालयातली किटली किंवा हीटर दीर्घकाळ बंद असेल, तर त्याच्या हीटरमधल्या भुकटीने ओल शोषलेली असते आणि रोध कमी येतो. ते दहा-पंधरा मिनिटे तापवून, थंड होऊ देऊन पुन्हा मोजावे. चाचणी झाल्यावर कपॅसिटर रिकामे होईपर्यंत, म्हणजे मीटरने तसे दाखवेपर्यंत, प्लगच्या पिनांना हात लावू नये.

कारखान्यात नवीन उपकरणावर १,५०० किंवा ३,००० व्होल्टची चाचणी घेतली जाते. ती वापरातल्या उपकरणावर पुन्हा करू नये. प्रत्येक वेळी इन्सुलेशनला इजा होण्याचा धोका असतो.

गळती

डीसी दाब कपॅसिटरमधून सतत प्रवाह वाहू देत नाही, त्यामुळे इन्सुलेशनच्या चाचणीला फिल्टरमधली गळती दिसतच नाही. ती बघायची, तर उपकरण खऱ्या पुरवठ्यावर चालवून मोजावे लागते. २३० व्होल्ट, ५० हर्ट्झवर ४.७ नॅनोफॅरडच्या एका कपॅसिटरमधून सुमारे ०.३४ मिलिअँपिअर अर्थकडे वाहतात. एका संगणकाचे हे प्रमाण क्षुल्लक असते. पहिल्या वर्गाच्या, हातात न धरल्या जाणाऱ्या उपकरणासाठी अर्थच्या तारेतील प्रवाहाची मर्यादा ३.५ मिलिअँपिअर आणि दुसऱ्या वर्गासाठी स्पर्शप्रवाहाची (हात लावणाऱ्यातून वाहू शकणाऱ्या प्रवाहाची) मर्यादा ०.२५ मिलिअँपिअर धरली जाते.

आता एकाच एक्स्टेंशन बोर्डावर दहा उपकरणे लावली आहेत आणि प्रत्येकाची गळती ०.५ मिलिअँपिअर आहे असे समजा. प्रत्येक उपकरण स्वतंत्रपणे पास झालेले आहे. बोर्डाची अर्थची तार तुटली, तर मात्र दहाही कॅबिनेट एकमेकांना जोडलेली आणि जमिनीपासून तुटलेली राहतात आणि त्यांपैकी कोणत्याही एकाला हात लावणाऱ्यातून पाच मिलिअँपिअरपर्यंत प्रवाह जाऊ शकतो. माणसाला सुमारे ०.५ मिलिअँपिअरपासून प्रवाह जाणवू लागतो आणि १० मिलिअँपिअरच्या आसपास धरलेली वस्तू सोडवेनाशी होते. पाच हा आकडा या दोहोंच्या मधला आहे. प्रत्येक संगणक तपासून बोर्ड न तपासणे किती धोक्याचे आहे, ते यावरून दिसते. बोर्डाच्या प्रत्येक सॉकेटची अर्थ कंटिन्युइटी आणि पोलॅरिटी (फेज व न्यूट्रल आपापल्या जागी असणे) स्वतंत्रपणे तपासावी, आणि एका बोर्डात दुसरा बोर्ड लावलेला आढळला, तर तो तिथेच काढावा.

याच बेरजेमुळे कारण नसताना आरसीसीबी (गळती जाणवताच पुरवठा तोडणारा स्विच) पडते. ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी मानकानुसार १५ ते ३० च्या दरम्यान कुठेही पडू शकते, म्हणून एका आरसीसीबीवरच्या सर्व उपकरणांची नेहमीची गळती तिच्या ३० टक्क्यांच्या, म्हणजे ९ मिलिअँपिअरच्या आत ठेवावी. आरसीसीबी वारंवार पडते म्हणून ती काढून टाकणे हा उपाय नव्हे. उपकरणे वेगवेगळ्या सर्किटांवर वाटावीत.

ही चाचणी उपकरण चालू ठेवून होते, हे विसरू नये. प्रिंटरचे रोलर आणि कागद कापणाऱ्या यंत्राची पाती अचानक फिरू लागतात, म्हणून गळ्यातले ओळखपत्र, ओढणी, टाय आणि मोकळे केस यंत्रापासून दूर ठेवावेत.

यूपीएसबद्दल वेगळे

यूपीएसचा प्लग काढला म्हणजे तो मृत झाला असे नव्हे. त्याच्या आउटपुटवर बॅटरीची वीज असते. तो आधी स्वतःच्या बटणाने बंद करावा, मग प्लग काढावा आणि आउटपुटवर दाब नाही याची मीटरने खात्री करावी. बॅकअप चालतो का हे पाहण्यासाठी भिंतीतला प्लग उपटण्याची पद्धत सर्वत्र रूढ आहे आणि ती चुकीची आहे. प्लगसोबत अर्थही निघून जातो, आणि यूपीएसवर चालणारी सर्व उपकरणे तेवढा वेळ अर्थविना चालू राहतात. त्याऐवजी सॉकेटचे बटण बंद करावे, म्हणजे पुरवठा जातो आणि अर्थ जागेवर राहतो.

नोंद, मुदत आणि नापास उपकरणे

प्रत्येक उपकरणाला कायमचा क्रमांक द्यावा आणि नोंदीत वर्ग, तारीख, चाचणीचा प्रकार, आलेला आकडा आणि तपासणाऱ्याचे नाव लिहावे. नुसते 'पास' लिहिल्याने पुढच्या वेळी तुलना करता येत नाही. मागच्या खेपेस ०.०८ ओहम असलेली कॉर्ड या खेपेस ०.१४ वर आली असेल, तर ती अजून मर्यादेत असली तरी तिची दिशा कळते. लेबल पाटीवर किंवा झडपांवर चिकटवू नये. चाचणीच्या उपकरणाचे कॅलिब्रेशन साधारणतः वर्षाला करून घ्यावे आणि मधल्या काळात ज्ञात रोधावर त्याची पडताळणी करत राहावी.

सर्वांना एकच मुदत लावणे योग्य नाही. वर्षानुवर्षे टेबलावरून न हललेल्या संगणकापेक्षा रोज पिशवीतून ये-जा करणारा अडॅप्टर, पायाखाली येणारा एक्स्टेंशन बोर्ड आणि सभागृहातून सभागृहात फिरणारा प्रोजेक्टर अधिक लवकर झिजतात. त्यांची मुदत कमी ठेवावी. त्यांना दर काही महिन्यांनी पाहून-चाचपून घ्यावे आणि मीटरची चाचणी जोखमीनुसार एक ते काही वर्षांनी करावी. सलग दोन-तीन फेऱ्यांत एका गटात काहीच सापडले नाही, तर त्याची मुदत वाढवण्यास हरकत नाही, आणि सापडत राहिले तर ती कमी करावी. दुरुस्तीनंतर मात्र मुदतीची वाट न पाहता पूर्ण चाचणी करावी.

नापास झालेले उपकरण त्याच क्षणी वापरातून काढावे, त्यावर ठळक लेबल लावावे आणि ते कुलपात ठेवावे. टेबलाखाली सरकवून ठेवलेले उपकरण आठवडाभरात कोणीतरी पुन्हा जोडते. नापास कॉर्डीच्या बाबतीत लेबलावरही विसंबू नये. ती सॉकेट आणि उपकरण या दोहोंपासून सोडवून प्लगच्या अगदी मुळाशी आणि दुसऱ्या टोकाच्या अगदी मुळाशी कापावी. प्लगला वीतभर वायर शिल्लक राहिली आणि तो प्लग कोणी सॉकेटमध्ये घातला, तर कापलेल्या उघड्या टोकांवर वीज येते.